घड्याळवाला, कंटकराज आन अंकुशनगरचे मामा

आत्मकथन म्हणलं की वाचणारा आधीच रुमाल काढून बसतो. त्याला वाटतं, आता ह्या माणसाचं घर गळणार, कंदिलाखाली अभ्यास व्हणार, आन शेवटी कुणीतरी मास्तर त्याच्या डोक्यावर मायेनं हात ठिवणार. रुमाल खिशात ठिवा. आमचं घर गळत नव्हतं, घरात लाईट व्हती (ती जायची, ते येगळं), आन माझ्या डोक्यावर ज्या मास्तरांचा हात पडला तो चांगला जोरात पडला, कारण मी त्यांच्याच आवाजात त्यांच्याच वर्गाची हजेरी घेतल्ती आन पोरायनं उभं राहून 'हजर' म्हणलं व्हतं. ह्या प्रकरणात एक माणूस काळाच्या मागंपुढं हिंडतो, एक दुष्ट सगळ्या जगाचा टाईम चोरून राह्यलाय, आन हे समदं आमच्या हसनाबादमधी घडतं, आमच्या आन गेंदमल शेठच्या घराच्या मधल्या बोळीत. पटत नसंल तर हे पान सोडून पुढं जा. माझं कायी म्हणणं न्हाई.

गेंदमल शेठचं घर आमच्या घराच्या समोर, मधी बैलगाडी जाईल एवढी बोळ. शेठचे पणजे राजस्थानातून आल्ते, पण शेठ आमच्यापेक्षा चांगलं हसनाबादी बोलायचे, फक्त रागावले की मारवाडीत जायचे, आन मंग कुणाला कळायचं न्हाई की शिव्या देऊन राह्यलेत का देवाचं नाव घेऊन राह्यलेत. पुढं कपड्याचं दुकान, मागं बैठक, आन बैठकीत गावातला पहिला कलर टीव्ही. त्याला लाकडाची सरकती दारं व्हती. शेठाणी काकी पदर डोक्यावर घेऊन ती दारं अशी उघडायच्या की आम्ही पोरं आपोआप हात जोडायचो. रविवारी संध्याकाळी पाच वाजता घड्याळवाली सिरीयल लागायची. तिचं खरं नाव इंग्रजी व्हतं, ते कुणाला म्हणता आलं न्हाई. परदेशातली सिरीयल, वरून हिंदी आवाज घातलेले, त्यामुळं गोऱ्या माणसाचं तोंड बंद झालं तरी आवाज चालूच ऱ्हायचा. त्यात एक काटकुळा माणूस व्हता, लांब कोटवाला, कोटाच्या आतून सगळी घड्याळंच घड्याळं लटकलेली. तो पितळेच्या एका यंत्रात बसून मागच्या नायतर पुढच्या जमान्यात जायचा. ते यंत्र बिलकुल आमच्या न्हाणीतल्या बंबावानी दिसायचं. वर धूर, खाली जाळ. आम्ही त्याला बंबच म्हणायचो. आई बंबात सकाळी गोवऱ्या घालायची तवा मी किती बारी त्याच्या नळीत तोंड घालून 'मला शिवाजी महाराजांच्या टाईमला सोड' म्हणलो आसंल. काजळीनं तोंड काळं व्हायचं, बाकी कायी न्हाई.

आन कंटकराज. कंटकराज ह्या सिरीयलचा जीव व्हता. हा गडी लोकायचं आयुष्य चोरायचा. कुणाची दहा वर्सं, कुणाचं बालपण, एका बाईची तर नुसती एक सकाळ चोरली त्यानं. चोरलेला टाईम काचेच्या बाटल्यांत भरून फळीवर मांडून ठिवायचा, जशा आमच्या आईच्या लोणच्याच्या बरण्या, आन त्यातलं रोज थोडं थोडं पिऊन तरणा ऱ्हायचा. त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा. 'समय... मेरा नौकर है,' एवढंच म्हणायचा आन बैठकीतली बारकी पोरं एकमेकाच्या अंगावर सरकायची. आता मी नवीन जालन्यात ऱ्हातो, स्टेशनच्या अंगाला, नात म्हणती मोबाईलवर समदं सापडतं. मंग शोध म्हणलं. तिनं दोन रात्री शोधलं, तिला बंब विकणारे सापडले, कंटकराज न्हाई सापडला. आजोबा, तुम्ही हे मनानं रचलं आसंल, असं म्हणून ती झोपली.

माझं काम लाईट गेल्यावर सुरू व्हायचं. आमच्याकडं रविवारची लाईट म्हणजे पाहुण्यावानी, कवा उठून जाईल नेम न्हाई. लाईट गेली की समदी बैठक काळ्या टीव्हीकडं न पाहता माझ्याकडं पाहायची. मंग मी टीव्हीसमोर उभं राहून पुढचा भाग करायचो. घड्याळवाला मीच, कंटकराज मीच, बंबाची शिट्टी मीच, मधी लागणारी साबणाची जाहिरात बी मीच. शेठ गल्ल्यावरचं गिऱ्हाईक सोडून आतमधी डोकवायचे. ह्या विद्येला मला कुणी मास्तर नव्हता. कानात गेलेला आवाज तोंडातून निघायचा, येवढंच. शेठची शिंक, अण्णांची घोरणी, गिरणीचा पट्टा, ग्रामपंचायतीच्या भोंग्याची खरखर, समदं निघायचं. न निघणं माझ्या हातात नव्हतं, आन ह्याच गोष्टीपायी अक्काचं लगीन दोनदा मोडल्यावानी झाल्तं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मंदाकिनी. एकदा तिला पाहायला परतूरकडचे लोक आल्ते. पोराच्या बापानं बशीतला चहा असा ओढला की बोळीतलं कुत्रं उठून बसलं. मी आतल्या खोलीत तो चहा पुन्हा ओढून दाखवला. भिंत पातळ व्हती. लोक राम राम करून गेले ते गेलेच. दुसऱ्या बारीला कुणाची तरी आत्या नाकात बोलायची, ते मी सांगत न्हाई. अक्का तवा कायी म्हणली नव्हती, कारण ते दोन्ही पोरं तिला बी पसंत नव्हते. पण ह्या टायमाला गोष्ट न्यारी व्हती. पोरगा अंकुशनगरचा, साखर कारखान्यात फिटर, नाव भागवत. अक्कानं त्याला अंबडला एका लग्नात पाह्यल्तं. ऐन अक्षतांच्या टायमाला जनरेटर बंद पडला, तर हा पाहुणा माणूस नव्या कपड्यांनिशी खाली बसला, जनरेटर चालू केला, आन हाताला पुसायला फडकं न मिळाल्यामुळं दोन्ही हात वर धरून हसत उभा राह्यला. हे तिनं फक्त मला सांगितलं, आन सांगून पस्तावली. पाहुणे यायच्या सकाळी तिनं मला चुलीपाशी बसवलं, ताटलीत गरम शिरा दिला आन म्हणली, "दिग्या, लोक जाईपर्यंत तुझ्या तोंडातून कुण्या माणसाची नक्कल निघली, तर मी तुझी बहीण न्हाई आन तू माझा भाऊ न्हाई." मी शिरा गिळून शब्द दिला. मनापासून दिला. मला बी तो दोन्ही हात वर धरणारा माणूस दाजी म्हणून पाहिजे व्हता.

पाहुणे चारला यायचे व्हते. आईनं सुशीला करून ठिवला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे, वर शेंगदाणे, कोथिंबीर. अण्णांनी ठेवणीतला सदरा घातला. पण पाहुण्यांची जीप राजूरपाशी पंक्चर झाली, आन ते दारात आले तवा साडेचार होऊन गेल्ते. जीपमधून आधी उतरले ते भागवतचे मामा, रंगनाथराव. भागवतचे वडील लवकर गेल्ते, त्यामुळं बहिणीचा समदा संसार ह्या मामांनी वढला, आन त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. उंच, पांढरी टोपी, मनगटावर मोठं घड्याळ. त्यांनी आमच्या उंबऱ्यापाशी पाय उचलला, घड्याळात पाह्यलं, आन पाय परत खाली ठिवला. मंग घसा खरवडला. तो घसा मी आज बी विसरलो न्हाई. 'ख्ख्याऽऽ' असा आवाज, जसा कुणी हंड्यातून वाळू उपसतो.

"ख्ख्याऽऽ. आपलं म्हणणं एवढंच हाये," मामा म्हणले, "आज रविवार. साडेचार ते सहा राहूकाळ. शुभकामाचं बोलणं त्यात करायचं न्हाई, नव्या घराचा उंबरा शिवायचा न्हाई. बराबर?"

अण्णा म्हणले बराबर. दुसरं काय म्हणणार. पण दीड तास पाहुण्यांला उन्हात जीपमधी कसं बसवावं? आई दारातून नुसती हातानं खुणा करून राह्यली. तवा शेठ दुकानातून बाहेर आले आन त्यांनी वाट काढली. म्हणले, सोयरीक इकडच्या घरची, माझं घर तिकडचं, माझ्याकडं बसायला काय हरकत? मामांनी डोळे मिटून ह्याचा विचार केला. शेठच्या घरी आपलं कायी काम न्हाई, मंग राहूला बी तिथं काम न्हाई, असं त्यांचं ठरलं, आन समदे शेठच्या बैठकीत जाऊन बसले. मामा, भागवत, भागवतची आई, जीपचा ड्रायव्हर, त्यांच्या संगतीला अण्णा, आन पाणी द्यायला मी. अर्धा घंटा मामांनी राहूकाळाच्या गोष्टी सांगितल्या. कोण राहूकाळात विहीर खणाय लागला आन पाषाण लागला, कोण राहूकाळात मोटारसायकल आणाय गेला आन शोरूमच्या दारातच पडला. दर गोष्टीच्या आधी 'ख्ख्याऽऽ', मधी 'आपलं म्हणणं एवढंच हाये', शेवटी 'बिलकुल बराबर'. मी तांब्या धरून उभा. कान बंद करायला माणसाला झाकण दिलेलं न्हाई, ही देवाची चूक, माझी न्हाई.

पाचला बोळीतली पोरं दारात येऊन थांबली. घड्याळवाल्या सिरीयलचा तो शेवटचा भाग व्हता, आन बैठकीत पाहुणे. शेठची पंचाईत झाली. त्यांनी भीत भीत इचारलं, तर मामा म्हणले, लावा लावा, पोरांला पाहू द्या, आन खुर्ची जराशी तिरकी करून डोळे मिटून बसले. शेठाणी काकींनी दारं सरकवली. कंटकराज त्या दिवशी भयंकर फॉर्मात व्हता. त्यानं घड्याळवाल्याला बंबासकट भट्टीत टाकलं, पितळ वितळाय लागलं, सगळ्या जगाचा टाईम एका मोठ्या बाटलीत गोळा झाला, कंटकराजनं बाटलीचं बूच उपसायला हात घातला, आन लाईट गेली.

पोरं एका सुरात कण्हली. मंग सवयीनं समदे माझ्याकडं पाहाय लागले. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बोळीपल्याड आमच्या दारात अक्का उभी व्हती, तिची नजर मला तिथून लागत व्हती. कुणी म्हणलं दिग्या कर की, मी मान हलवली. तेवढ्यात भागवत, जो आतापोस्तर मान खाली घालून बसल्ता, हळूच म्हणला, "पुढं काय झालं आसंल हो? मी रविवारची दुपारची शिफ्ट बदलून घेतो ह्याच्यापायी." असं तोंड करून म्हणला की माझं काळीज हललं. मंग मी डोकं चालवलं. अक्कानं माणसाची नक्कल करू नको म्हणलंय. कंटकराज माणूस थोडाच हाये? मी तांब्या खाली ठिवला, टीव्हीसमोर गेलो, पोटातून श्वास घेतला, हात बुचावर ठिवला, आन तोंड उघडलं.

"ख्ख्याऽऽ," कंटकराज म्हणला. "आपलं म्हणणं एवढंच हाये, घड्याळवाल्या, की टाईम आपला नौकर हाये. तू भट्टीत मरायचा. बिलकुल बराबर?"

मी हे करणार नव्हतो. मला विहिरीतला आवाज काढायचा व्हता. पण अर्धा घंटा जे कानात भरलं तेच पहिल्यांदा बाहेर आलं, आन ते इतकं हुबेहूब आलं की माझं मलाच वाटलं मामा बोलले. मंग भागवतची आई हसली. आधी पदरात, मंग पदर पुरंना म्हणून उशी घेतली. ड्रायव्हर बाहेर पळाला आन त्याचं हसणं बोळीतून आत आलं. अण्णा हसले न्हाईत. अण्णा सदऱ्याच्या बटणाकडं पाहून राह्यले.

मामा उठले. टोपी सारखी केली. "भागवत, जीप काढ," म्हणले. घसा सुद्धा खरवडला न्हाई. त्यांनी एक चप्पल पायात घातली, दुसरी घालाय लागले, आन मला आमच्या दारातली अक्का दिसली. ती रडत नव्हती. नुसती चौकट धरून उभी. परतूरकडच्या टायमाला ती अशी उभी नव्हती.

तवा भागवत, जागेवरून न उठता, मनगटाकडं पाहून लई आदबीनं म्हणला, "मामा, राहूकाळ हाये. निघायचं कसं?"

कुठं जायचं न्हाई, तसं कुठून निघायचं बी न्हाई. हा मामांचाच नियम. जीपमधी सकाळपासून त्यांनीच सांगितला आसंल. मामा एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, असे उभे. मी जल्मात कुणी माणूस टाईममधी इतका अडकलेला पाह्यला न्हाई, सिरीयलमधी सुद्धा न्हाई. शेवटी त्यांनी चप्पल काढली आन येऊन परत बसले, बंद टीव्हीकडं तोंड करून. पंखा बंद, समद्यांच्या कपाळावर घाम. अक्का बोळ वलांडून आली, हातात पाण्याचा ट्रे. आईनं मागून हाक मारली, अगं आता न्हाई, राहूकाळ हाये. अक्का म्हणली, पाहणं सहाला व्हईल, पाण्याला कायी मुहूर्त लागत न्हाई. तिनं मामांपुढं ट्रे धरला. मामांनी गिलास घेतला, तिच्याकडं न पाहता, आन मला बोट वाकडं करून जवळ बोलावलं. मी गेलो. कान तयार ठिवले.

"घड्याळवाला भट्टीत मरतो, हे कुणी सांगितलं तुला?" मामा म्हणले.

मी म्हणलं, मनानंच.

"मनानं. आन बंबाची दुसरी चावी कुढं गेली? बर्फाच्या जमान्यात गेल्ता तवा म्हातारीनं दिली ना त्याला दुसरी चावी? पाह्यलं न्हाई तू? असंच कायीबी करून पोरांला दाखवतो?"

बैठकीत कुणाच्या ध्यानातच येईना की हे काय चाललंय. भागवतची आई उशीआडून म्हणली, "रविवारी राहूकाळात हा कायी कामच करत न्हाई. मंग बसतो टीव्हीपुढं. एक भाग सोडला न्हाई वर्सभर. आन आम्हाला सांगतो डोळे मिटून पडलो व्हतो."

मामांचे कान लाल झाले. "टीव्ही पाहणं काय शुभकार्य हाये का?" ते म्हणले. "त्याला राहूकाळ लागत न्हाई."

मंग मामा सुटलेच. त्यांचं दुखणं माझ्या नकलेचं कमी आन शेवट बिघडवल्याचं जास्त व्हतं, निदान तसं त्यांनी दाखवलं. चावी खिशात हाये म्हणजे घड्याळवाला भट्टीतून सुटणार, हे त्यांचं म्हणणं. भागवत म्हणला खिशात न्हाई, कोट तर मागंच जळाला. शेठ मधी पडले, ते मारवाडीत कायतरी म्हणले. वाद असा पेटला की अण्णा बी बोलाय लागले, जे अण्णा टीव्हीकडं पाठ करून पेपर वाचायचे. आन मंग, हातात रिकामा ट्रे धरून, अक्का म्हणली, "चावी कंटकराजाकडंच हाये."

नवरी मुलगी पाहण्याच्या आधी बोलत नसती, आन राहूकाळात तर न्हाईच. पण अक्कानं सुरू केलं ते थांबवलं न्हाई. मागच्या रविवारी कंटकराजनं हस्तांदोलन केलं तवा चावी काढून घेतली आन अंगठीच्या खड्याखाली ठिवली. म्हणून तर त्याच भागात त्याला मंग बाटलीचं बूच उघडता येईना, अंगठी अडकत व्हती. तिनं शेठाणी काकींच्या स्वयंपाकघराच्या दारातून, पापड लाटता लाटता, वर्सभर ही सिरीयल पाह्यली व्हती, आन तिला कुणी कवा इचारलं नव्हतं.

मामा तिच्याकडं वळले. पहिल्यांदा नीट पाह्यलं. "ख्ख्याऽऽ," म्हणले. "बराबर. बिलकुल बराबर." भागवत खाली पाहून हसून राह्यला, आन त्याचे दोन्ही हात, कायी कारण नसताना, गुडघ्यावरून वर उचलल्यावानी झाले.

सहानंतर आमच्या घरी रीतीपरमाणं समदं झालं. मामांनी सांभाळून उजवा पाय आत ठिवला. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, असे प्रश्न झाले, पण ते प्रश्न शाळा सुटल्यावर वाजणाऱ्या घंटीसारखे व्हते, कुणी ऐकत नव्हतं. सुशीला तोपोस्तर चामड्यावानी झाल्ता, मामांनी त्याच्या दोन डिशा खाल्ल्या. जाताना म्हणले पसंत हाये, आन पुढचं बोलणं राहूकाळ सोडून कवाबी करू. लाईट आली तवा टीव्हीवर बाजारभाव सांगून राह्यले व्हते. घड्याळवाल्याचं काय झालं ते आम्हाला आजपोस्तर ठावं न्हाई.

जीप वळणाला गेली न्हाई तोच आईनं सुरू केलं. चार लोकांत बापाची मान खाली घातली, जिभेला हाड न्हाई, वर तांब्या खाली ठिवलास तो तसाच कलंडला, शेठाणीची सतरंजी भिजली. अण्णा एवढंच म्हणले की उद्यापासून गाईचं शेण तू काढायचं, आन काढताना कुणाचा आवाज काढायचा न्हाई. ते समदं मी खाली मान घालून ऐकलं, कारण मनातून मी लई खूश व्हतो. मला वाटलं अक्का तरी पाठ थोपटील. आपल्यामुळंच जुळलं, न्हाई का? अक्का मला कान धरून न्हाणीमागं घेऊन गेली.

"जुळलं म्हणून हसतो काय?" ती म्हणली. "आता मला जल्मभर त्या माणसाच्या पाया पडायचंय. दसरा, दिवाळी, संक्रांत. मी वाकले की ते 'ख्ख्याऽऽ' करणार, आन मला मामा दिसणारच न्हाईत, तू दिसणार, टीव्हीपुढं उभा. हसले तर म्हणतील सून उद्धट हाये. दाबलं तर पोट फुटून मरीन. काय करू मी, सांग. आन दात काढू नको. लग्नात तू माझ्या डोळ्यांपुढं यायचं न्हाई. मंडपात न्हाई, वरातीत न्हाई. आचाऱ्यापाशी बसायचं, बुंदीच्या कढईजवळ. आन मामा मंडपात हायेत तोपोस्तर तुझ्या तोंडात बुंदी पाहिजे. संपली की दुसरी घाल. वांती झाली तरी घाल."